आतड्याच्या रक्तवाहिन्या आणि कॅप्सायसिन: नवीन येणाऱ्यांनी दुसऱ्या डोसच्या आधी वाचावं

एम.फार्म. किंवा फिजिऑलॉजीच्या पीएच.डी.साठी नागपुरात आतड्याची संवेदी आयन चॅनल्स आणि रक्तप्रवाह हा विषय मिळाला असेल, तर सुरुवातीला ट्रेसवर (धमनीच्या ताणाच्या आलेखावर) काहीच धड दिसत नाही. घाबरू नका, बहुतेकांचं असंच होतं.

मूळ साखळी तुम्हाला माहीत असेलच. कॅप्सायसिन (मिरचीतलं तिखट द्रव्य), आम्ल किंवा ४३ अंशांच्या वरची उष्णता टीआरपीव्ही१ हे आयन चॅनल उघडते, मज्जातंतूच्या टोकात कॅल्शियम शिरतं, तिथून सीजीआरपी हे पेप्टाइड सुटतं आणि धमनी सैलावते. रॅटच्या मेसेंटरिक (आतड्याला रक्त पुरवणाऱ्या) धमन्यांत हे सीजीआरपीवाले मज्जातंतू कावासाकी आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दाखवले. चॅनलचं क्लोनिंग १९९७ मध्ये झालं.

आता बाथकडे, म्हणजे धमनीचा तुकडा तारांवर ताणून ठेवायच्या मायोग्राफच्या भांड्याकडे, या. तिसऱ्या फाट्याची धमनी, २ मि.मी. तुकडा, ४० मायक्रॉनच्या दोन तारा, क्रेब्ज (क्षारांचं द्रावण) ३७ अंशांवर, ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. क्रेब्जमध्ये गॅस सोडून झाल्यावरच कॅल्शियम क्लोराइड घाला, नाहीतर द्रावण दुधाळ होतं. चरबी काढताना बाहेरचा थर खरवडू नका, कारण मज्जातंतू त्याच थरात असतात. चकचकीत साफ केलेली धमनी ॲसिटिलकोलीनला छान सैलावते आणि कॅप्सायसिनला ढिम्म राहते. ॲसिटिलकोलीनला सैलावणं हा एंडोथेलियम (धमनीचं आतलं अस्तर) शाबूत असल्याचा पुरावा, तो मज्जातंतूंना लागू पडत नाही.

खरा सापळा पुढे आहे. फेनिलेफ्रिनने धमनी आवळायची, १ मायक्रोमोलर कॅप्सायसिन द्यायचं, सैलावणं नोंदवायचं, धुवायचं, २० मिनिटं कॅप्सॅझेपिन (टीआरपीव्ही१ अडवणारा अँटॅगोनिस्ट) ठेवायचं आणि पुन्हा कॅप्सायसिन द्यायचं. दुसरं सैलावणं जवळजवळ शून्य येतं आणि वहीत ‘अँटॅगोनिस्टने ब्लॉक केलं’ अशी नोंद होते. ही नोंद टिकत नाही. कॅप्सॅझेपिन न घालताही दुसरा डोस असाच पडतो.

याची कारणं दोन. जे कॅल्शियम सीजीआरपी बाहेर काढतं, तेच चॅनलला बधिर करतं. शिवाय सीजीआरपी तयार होतं मज्जापेशीच्या मूळ शरीरात, पाठीच्या कण्याजवळच्या गँग्लियॉनमध्ये. धमनी कापली तेव्हाच तो पुरवठा तुटला. बाथमधली धमनी म्हणजे नळ कापलेली टाकी. एकदा उपसली की भरत नाही. तासभर धुतलं तरी साठा परत येत नाही. म्हणून एका तुकड्यावर आधी कंट्रोल आणि मग अँटॅगोनिस्ट, ही मांडणी कॅप्सायसिनसाठी कधीच वापरू नका. कधीच नाही.

एकाच प्राण्याचे चार तुकडे घ्या. एकाला वाहक (औषध विरघळवणारा नुसता द्रव) आणि कॅप्सायसिन. दुसऱ्याला आधी अँटॅगोनिस्ट, मग कॅप्सायसिनचा पहिलाच डोस. तिसऱ्याला वाहकातच दोन डोस, म्हणजे घसरण किती ते कळेल. चौथ्याला अँटॅगोनिस्ट ठेवून बाहेरून १० नॅनोमोलर सीजीआरपी. हे सैलावणं शाबूत असेल तर अँटॅगोनिस्टचा परिणाम स्नायूवर नाही, त्याच्या आधीच्या टप्प्यावर आहे. कॅप्सॅझेपिन कॅल्शियम चॅनल्सनाही अडवतं, त्यामुळे त्याच्या एकट्याच्या भरवशावर निष्कर्ष काढू नका. आणि एन म्हणजे प्राण्यांची संख्या, तुकड्यांची नाही.

स्टॉकचं (मूळ घट्ट द्रावणाचं) गणित सोपं आहे, पण तिथेच हात घसरतो. कॅप्सायसिनचा रेणुभार ३०५.४, ३.०५ मि.ग्रॅ. १ मि.ली. इथेनॉलमध्ये म्हणजे १० मिलिमोलर. त्यातून इथेनॉलमध्येच १ मिलिमोलर करा. ५ मि.ली. बाथमध्ये त्याचे ५ मायक्रोलिटर म्हणजे १ मायक्रोमोलर आणि इथेनॉल ०.१ टक्का. १ मायक्रोमोलरच्या वर जाऊ नका. १० मायक्रोमोलरला कॅप्सायसिन स्नायूची कॅल्शियम चॅनल्स थेट अडवू लागतं आणि मज्जातंतू नसतानाही धमनी सैलावते. कॅप्सायसिन नळीलाही चिकटतं. चेंबर इथेनॉलने आणि मग पाण्याने धुतलं नाही, तर उद्याची धमनी प्रयोगाआधीच बधिर.

भिवापुरी मिरचीचा अर्क वापरून खर्च वाचवण्याचा सल्ला नागपुरात हमखास मिळेल. माझं स्पष्ट मत: यंत्रणा शोधायची असेल तर अर्क नको. त्यात डायहायड्रोकॅप्सायसिनसह बरंच काही असतं, मात्रा मोलरमध्ये सांगता येत नाही. शुद्ध पावडर हातमोजे आणि मास्क घालून फ्यूम हूडमध्ये तोला. गाइड निवडताना त्यांच्या पेपरांची संख्या बघू नका, ते कच्चा ट्रेस स्वतः उघडून बघतात का ते विचारा.

मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो तेव्हा कूलर मायोग्राफच्या टेबलापासून लांब ठेवा, त्याचा थरथराट थेट बेसलाइनवर येतो. हीटर यूपीएसवर लावा. वीज जाऊन तापमान घसरलं तर धमनीची आवळ बदलते आणि ते रीडिंग टाकून द्यावं लागतं.

पुढे जिवंत प्राण्यात, एथिक्स कमिटीच्या मंजुरीनंतर, लेझर डॉप्लर (प्रकाशाने रक्तप्रवाह मोजणारा) लावाल तेव्हा लक्षात ठेवा की तो मि.ली. नाही, परफ्यूजन युनिट देतो आणि आतड्याची हालचालही प्रवाह म्हणून मोजतो. कॅप्सायसिनने रक्तदाबही हलतो. म्हणून मानेतल्या कॅरोटिड धमनीमधून दाब सोबतच नोंदवा आणि प्रवाह भागिले सरासरी दाब, म्हणजे कंडक्टन्स, काढा. नुसता वाढलेला प्रवाह दाखवला तर परीक्षक पहिला प्रश्न दाबाचाच विचारतील.