डॉलहाउसचं किट जोडायला बसण्याआधी

कटर, चिमटा, स्टीलची पट्टी, सँडपेपर, फेविकॉल. एका फेरीत मिळतं, पुढे.

घर कोणतं करायचंय ते आधी ठरवा. खोक्यावरच्या चित्रात फुलाफुलांचा वॉलपेपर आणि शेकोटी होती. मला हवं होतं आजोळचं, चिऱ्याचं, कौलारू. तुम्हाला चाळीतली दीड खोली हवी असेल. शेकोटीची चूल करायची, खिडकी बुजवायची, देवळीसाठी भोक पाडायचं, ही कापाकापी तुकडे सुटे आहेत तोवरच. कागदावर काढून घ्या, नुसतं डोक्यात ठेवू नका.

मग माप. खोक्यावर १:२४ लिहिलं असेल तर सहा फुटी माणूस तीन इंचांचा होतो, १:१२ असेल तर सहा. हे न बघता मी सावंतवाडीच्या चितारआळीतून हौसेने लाकडी भातुकली आणली. पाच सेंटीमीटरचा पोळपाट १:२४च्या घरात चार फुटांचा दिसतो! बाहुली त्यावर लाटण्याऐवजी झोपलीच असती. भातुकली आता शोकेसमध्ये आहे.

आता खरी गोष्ट. मागची बाजू रंगवा. भिंतीची जी बाजू दिसणार आहे ती सगळेच रंगवतात. जी दिसणार नाही तीही रंगवा, त्याच दिवशी, तेवढेच हात मारून. मागच्या खेपेस जुलै महिना, डोंबिवलीची दमट हवा, आणि मी ओटीच्या ३ मिलिमीटर एमडीएफच्या (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या पातळ फळीच्या) भिंतीला बाहेरून ॲक्रिलिकचे दोन हात देऊन पंख्याखाली ठेवली. सकाळी भिंतीचा भाजलेला पापड झाला होता. शब्दकोशाखाली दोन दिवस दाबली, सरळ झाली. कोश उचलला, तासाभरात पुन्हा वाकडी. एक अंग पाणी पितं, दुसरं कोरडं राहतं, मग भिंत वळणारच. मी तशीच जोरात बसवली, खाचेत बसणारा एक दाता मोडला, आणि माजघराच्या कोपऱ्यात रुपयाचं नाणं सरकेल एवढी फट राहिली. ती अजून आहे, तिच्यापुढे उतरंड ठेवलीय.

म्हणून यादीत लिहा: पुढची बाजू, मागची बाजू. त्याआधी जमलं तर दोन्हीकडून स्पिरिटमधल्या लाखेच्या पॉलिशचा एक हात; त्यात पाणी जवळजवळ नसतं, त्यामुळे एमडीएफ फारसं फुगत नाही. खिडकी उघडी ठेवा, वास डोक्यात जातो. वॉलपेपर लावणार असाल तरी तेच, खळसुद्धा ओलीच असते. जमिनीचा तुकडाही भिंतच समजा. मागची बाजू!

रंगाआधी सगळं घर गोंदाशिवाय एकदा जोडून बघा आणि दात्यांना मास्किंग टेप लावा, नाहीतर रंगाच्या थराने ते खाचेत जात नाहीत.

चिऱ्यासाठी वॉल पुट्टीत गेरू कालवा, पातळ थर द्या, अर्धवट वाळल्यावर जुन्या टूथब्रशने टोचा. भोकं पडली की जांभा दिसतो. मग दीड सेंटीमीटर लांबीचे चिरे आखा, म्हणजे १:२४च्या घरात खऱ्या मापाने सव्वा फुटाच्या आसपास. सांधे एकावर एक येऊ देऊ नका, गवंड्याला विचारा. पुट्टीही ओली असते. मागची बाजू कोरडी ठेवून पुट्टी लावलीत तर पापडाची गोष्ट पुन्हा वाचा.

दिव्यांच्या वायरी भिंती उभ्या करण्याआधी ओढा, लावून बघा, पेटला तरच पुढे. खिडकीच्या प्लास्टिकच्या काचेला झटपट गोंद नको, वाफेने ती पांढुरकी होते; ती पुसून जात नाही.

कौलं: खोक्याच्या पुठ्ठ्याचा वरचा कागद ओला करून सोला, आत नळ्या निघतात, पट्ट्या कापा, खालून वर चढवा, गेरू फासा. झोपाळ्याला कानातल्याची जुनी साखळी. तुळशीवृंदावन, पडदे, पाटावरची उशी, हे नंतर करा कधीतरी, मीही अजून केलेलं नाही.

आणि छप्पर. कौलं लागल्यावर आतून कोण बघणार म्हणून सोडू नका. आतूनही रंगवा.