ब्रेक ऑइल घरच्या घरी बदलताना

रोज कोथरूडहून हिंजवडीला जाणाऱ्या गाडीचे ब्रेक ऑइल जुने झाले आहे, हे चालवणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही, कारण शहरातल्या संथ रहदारीत ब्रेक फारसे तापत नाहीत आणि पेडल नेहमीसारखेच लागते. तीच गाडी चार माणसे घेऊन सिंहगडावरून किंवा ताम्हिणी घाटातून उतरू लागली, की सततच्या ब्रेकमुळे निर्माण झालेली उष्णता कॅलिपरमधल्या, म्हणजे चाकाची डिस्क आवळून धरणाऱ्या भागातल्या, ऑइलपर्यंत पोहोचते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. त्या पाण्याची वाफ झाली, की ती दाबली जाते, चाकापर्यंत जोर पोहोचत नाही आणि पेडल खाली जाऊनही गाडी थांबत नाही. ‘डॉट’ ही ब्रेक ऑइलची श्रेणी. नव्या डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, त्यात ३.७ टक्के पाणी मुरल्यावरची किमान मर्यादा १५५ अंश आहे. डॉट ३ साठी हेच आकडे २०५ आणि १४० आहेत. म्हणून गाडी कमी चालली असली, तरी साधारण दोन वर्षांनी ऑइल बदलणे योग्य.

कोणते ऑइल घालायचे, ते बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर आणि गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. डॉट ५ हे सिलिकॉनचे असते. ते डॉट ३ किंवा डॉट ४ मध्ये कधीही मिसळू नये. बहुतेक लहान गाड्यांना एक लिटर पुरते. नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानातून सीलबंद बाटल्या आणाव्यात. घरी अर्धवट उघडी राहिलेली जुनी बाटली वापरू नये. याखेरीज निपलला, म्हणजे प्रत्येक चाकाच्या ब्रेकवरच्या ऑइल सोडण्याच्या छोट्या पोकळ स्क्रूला, बसेल असा रिंग पाना, निपलवर घट्ट बसणारी पारदर्शक नळी, प्लॅस्टिकची बाटली, मोठी सिरिंज, जॅक, भक्कम स्टँड आणि पेडल दाबायला एक विश्वासू माणूस एवढे लागते. काम पावसाळ्यात काढू नये. मार्च-एप्रिलमधली पुण्याची कोरडी हवा त्याला उत्तम.

गाडी सपाट जागी उभी करावी, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावावेत आणि केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नये. टाकीतले ऑइल उपसण्याआधी चारही निपल सुटतात का, ते पाहावे. पावसापाण्याने ते जाम झालेले असतात, त्यामुळे आदल्या संध्याकाळी गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवावा. तरीही निपल हलला नाही, तर जोर न लावता गाडी गॅरेजमध्ये न्यावी. निपल आतच तुटला, तर अनेकदा कॅलिपर बदलण्याची वेळ येते.

आता झाकणाभोवतीची धूळ पुसून सिरिंजने टाकीतले जुने ऑइल काढावे, मात्र तळाशी थोडे राहू द्यावे, आणि कमाल खुणेपर्यंत नवे भरावे. सर्वसाधारणपणे मास्टर सिलिंडरपासून, म्हणजे पेडलचा जोर ऑइलला देणाऱ्या भागापासून, सर्वांत दूरच्या चाकापासून सुरुवात करतात, म्हणजे आपल्याकडच्या गाड्यांत मागचे डावे, मागचे उजवे, पुढचे डावे आणि शेवटी पुढचे उजवे. काही गाड्यांचा क्रम वेगळा असतो. तिथे पुस्तिकेचेच ऐकावे.

निपलवर आधी पाना चढवावा, मग नळी लावून तिचे दुसरे टोक बाटलीतल्या थोड्या नव्या ऑइलमध्ये बुडवावे. इंजिन बंद असावे. तुम्ही ‘दाब’ म्हणाल, तेव्हा आत बसलेल्याने पेडल सावकाश दाबून धरावे आणि ‘दाबलं’ असे मोठ्याने सांगावे. मग निपल पाव वळसा सोडावा, ऑइल नळीत उतरू द्यावे, निपल बंद करावा आणि त्यानंतरच ‘सोड’ म्हणावे. या सगळ्या कामात क्रम चुकवू नये अशी हीच जागा आहे, कारण निपल उघडा असताना पेडल वर आले, तर हवा आत ओढली जाते. जुन्या गाडीत पेडल तळाला टेकवू नये, पायाखाली लाकडाचा ठोकळा ठेवावा. एरवी न वापरल्या जाणाऱ्या भागातल्या गंजावर मास्टर सिलिंडरचे रबर घासून फाटू शकते.

नळीत आधी कोऱ्या चहासारखे गडद ऑइल येते, कधी त्यात बारीक काळे कण दिसतात. मग रंग उतरत जातो आणि फिकट पिवळे, बुडबुडे नसलेले ऑइल दिसू लागते. तिथे त्या चाकाचे काम संपले. दर पाच-सहा वेळा पेडल दाबून झाले, की टाकी पाहून भरावी. ती रिकामी होऊन हवा एबीएसच्या, म्हणजे जोरात ब्रेक लावल्यावर चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या, युनिटमध्ये गेली, तर ती काढण्यासाठी अनेक गाड्यांना स्कॅनर लावावा लागतो, आणि तो घरी नसतो.

सांडलेले ऑइल रंग खाते, म्हणून लगेच भरपूर पाण्याने धुवावे. निपल बेताने घट्ट करून त्यांवर रबरी टोप्या बसवाव्यात. इंजिन सुरू करून पेडल मिनिटभर दाबून धरावे. ते हळूहळू खाली जात असेल किंवा लिबलिबीत लागत असेल, तर गाडी रस्त्यावर काढू नये. पहिली चाचणी सोसायटीच्या आवारातच, चालण्याच्या वेगाने घ्यावी. जुने ऑइल गटारात ओतू नये, इंजिन ऑइलमध्येही मिसळू नये. बंद डब्यात भरून ते घेणाऱ्या गॅरेजमध्ये द्यावे. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढण्यापूर्वी चारही निपलभोवती ओल आली आहे का आणि टाकीतली पातळी तीच आहे का, हे पाहावे.