दुकानातला पैसा वर्षात किती वेळा फिरतो, हे कसं काढावं

ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक समोर घ्या. उदाहरणाला इंदूरच्या कापड मार्केटातलं एक मध्यम दुकान धरू: जीएसटी सोडून वर्षाची विक्री 120 लाख, विकलेल्या मालाची खरेदी किंमत 90 लाख.

आधी एकूण मालमत्ता. वर्षारंभीची आणि वर्षअखेरची मिळून सरासरी 80 लाख असेल, तर 120 भागिले 80 म्हणजे 1.5. रुपयामागे दीड रुपयाची विक्री. वडिलोपार्जित जागा वहीत जुन्याच किमतीला असेल, तर हा आकडा फुगतो. अशा दुकानाची तुलना दुसऱ्या कुणाशी करू नका, स्वतःच्याच गेल्या वर्षाशी करा.

आता साठा. खरी फसगत इथेच होते. विक्रीला साठ्याने भागा, असं सर्रास सांगतात. ते चूक आहे. साठा खरेदीच्या भावाने मांडलेला असतो, म्हणून वरही 90 लाखच घ्या, 120 नव्हे.

दुसरी चूक मी स्वतः केली आहे. 1 एप्रिलचा साठा 14 लाख, 31 मार्चचा 16, सरासरी 15. म्हणजे माल वर्षात 6 वेळा फिरला, साधारण 61 दिवसांत एकदा. एका व्यापाऱ्याला मी हेच सांगितलं आणि त्या भरवशावर त्यांनी दिवाळीला जास्तीचा माल उचलला. होळी आली तरी पोटमाळ्यावर गाठी सुतळीसकट तशाच होत्या. मोजणी सोपी जावी म्हणून मार्चमध्ये त्यांची खरेदी थांबलेली असे, आणि मी नेमके तेच रिकामे दिवस धरले होते. महिन्यामहिन्याचा साठा मांडला तेव्हा सरासरी निघाली 30 लाख. म्हणजे 3 फेरे, जवळजवळ 122 दिवस!

म्हणून 1 एप्रिलचा एक आणि बारा महिनाअखेरचे बारा, असे 13 आकडे घ्या आणि बेरजेला 13 ने भागा. महिन्याचा साठा लिहिलेला नसेल तर आधीचा साठा अधिक खरेदी, वजा विकलेल्या मालाची खरेदी किंमत, असा काढा. हंगामी धंद्यात दोन टोकांची सरासरी मी मुळीच मान्य करत नाही.

उधारीचंही तसंच: वर्षाच्या उधार विक्रीला सरासरी येण्याने, म्हणजे गिऱ्हाइकांकडून अजून यायच्या रकमेने, भागा, 365 ला त्या उत्तराने भागा, वसुलीचे दिवस मिळतील. फक्त येण्यात जीएसटी धरलेला असतो, तेव्हा इथे विक्रीही जीएसटीसकट घ्या.