पाण्याची बाटली पुन्हा भरण्यापूर्वी

कोल्हापुरात मार्च महिना लागला की घरोघरच्या फ्रिजच्या दारात बाटल्यांची रांग दिसू लागते. प्रवासात विकत घेतलेली एक लिटरची पाण्याची बाटली, लग्नात हातात पडलेली छोटी बाटली, पाहुणे येऊन गेल्यावर उरलेली शीतपेयाची दोन लिटरची बाटली, अशा सगळ्या तिथे असतात, आणि यांतली कोणती घरात केव्हा आली हे बहुधा कोणालाच सांगता येत नाही. अशा बाटलीतून पाणी प्यायल्याने कर्करोग होतो असा संदेश दर उन्हाळ्यात फिरतो. तो वाचून काही जण सगळ्या बाटल्या फेकतात आणि बाकीचे तो खोटा ठरवून कशाचाच विचार करत नाहीत. या दोन्ही प्रतिक्रिया मला घातक वाटतात. बाटली पुन्हा वापरता येते. मात्र प्लास्टिकचे नाव ऐकून जेवढी भीती वाटते त्याहून अधिक लक्ष बाटलीची स्वच्छता, तिला लागलेली उष्णता आणि तिच्यात पूर्वी काय भरले होते या गोष्टींकडे द्यायला हवे.

बाटलीचा तळ वाचणे

बाटली उलटी केली की तळाशी बाणांचा त्रिकोण आणि त्यात १ ते ७ मधला एक आकडा दिसतो. हा आकडा सुरक्षिततेचा दर्जा सांगतो, किंवा बाटली तितक्याच वेळा वापरावी असे सुचवतो, अशी समजूत सर्रास आढळते, आणि ती चुकीची आहे. कचऱ्यातून प्लास्टिकचे प्रकार वेगळे काढता यावेत म्हणून अमेरिकेतील प्लास्टिक उद्योगाने १९८८ मध्ये ही पद्धत सुरू केली. त्यामुळे आकड्यावरून प्लास्टिक कोणते एवढेच कळते.

विकतच्या पाण्याच्या आणि शीतपेयांच्या बाटल्या १ क्रमांकाच्या, म्हणजे पेट प्लास्टिकच्या असतात. मुलांच्या शाळेच्या बाटल्या पुष्कळदा ५ क्रमांकाच्या, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनच्या असतात; हे प्लास्टिक उष्णता अधिक सोसते आणि वारंवार वापरासाठीच घडवलेले असते. ७ हा क्रमांक ‘इतर’ प्रकारांसाठी आहे. वीस लिटरचे कडक, काचेसारखे पारदर्शक जार ज्या पॉलिकार्बोनेटचे बनवतात तेही त्यातच मोडते. शरीरातील संप्रेरकांवर परिणाम करत असल्याचा आरोप असलेल्या बिस्फेनॉल ए या रसायनाची जी चर्चा होते ती मुख्यतः पॉलिकार्बोनेटबद्दल आहे. युरोपीय संघाने २०११ मध्ये बाळांच्या दुधाच्या बाटल्यांत ते वापरण्यास बंदी घातली. पेट बनवताना बिस्फेनॉल ए वापरले जात नाही, म्हणून साध्या पाण्याच्या बाटलीला तो आरोप लागू होत नाही. जुना, आतून ओरखडे पडलेला पॉलिकार्बोनेटचा जार मात्र बदलून मागावा, आणि त्यात गरम पाणी कधीही भरू नये.

उष्णता

पेटची बाटली करताना, जास्त प्रमाणात विषारी ठरणाऱ्या अँटिमनी या मूलद्रव्याचे संयुग उत्प्रेरक म्हणून वापरतात आणि त्याचा सूक्ष्म अंश प्लास्टिकमध्ये राहतो. तो पाण्यात किती उतरतो हे तापमान आणि काळ या दोन गोष्टींवर ठरते. ॲरिझोना राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, लिटरमागे ६ मायक्रोग्रॅम ही अमेरिकेतील पिण्याच्या पाण्याची मर्यादा ओलांडली जाण्यास ६० अंश सेल्सिअसला सुमारे १७६ दिवस लागतील, तर ८० अंशांना जेमतेम सव्वादोन दिवस पुरतील. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा २० मायक्रोग्रॅम, म्हणजे याहून सैल आहे. या आकड्यांतून घरच्या वापरासाठी सरळ अर्थ निघतो: फ्रिजमधल्या किंवा ओट्यावरच्या बाटलीची या कारणासाठी चिंता नको, पण उकळते पाणी बाटलीत ओतू नये.

उकळते पाणी ओतल्यास काय होते हे डोळ्यांनाही दिसते. साधारण ७० अंशांच्या पुढे पेट नरम पडू लागते, बाटली आकसते आणि वाकडी होते. चहा, काढा, आजाऱ्यासाठी नेलेली पेज किंवा पाहुण्यांसाठी बांधून घेतलेला गरम पांढरा रस्सा यांच्यासाठी स्टीलची किटलीच हवी. रश्शाच्या बाबतीत तिखट आणि तेल यांचा वास बाटलीत असा मुरतो की ती पुन्हा पाण्यासाठी उपयोगाची राहत नाही.

उन्हाबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. चैत्रात जोतिबाच्या यात्रेला जाताना डोंगर चढेपर्यंत हातातली बाटली कोमट झाली, तर ते पाणी विषारी होत नाही, निर्धास्त प्यावे. बंद मोटारीत काचेमागे किंवा दुचाकीच्या डिकीत आठवडेच्या आठवडे पडून राहिलेल्या बाटलीची गोष्ट वेगळी. तिथे तापमान बाहेरच्यापेक्षा पुष्कळ वाढते, पेटमधून उतरणाऱ्या ॲसिटाल्डिहाइडमुळे पाण्याला गोडसर वास येऊ लागतो, आणि उघडलेली बाटली असेल तर जंतूंनाही ती ऊब मानवते. असे पाणी झाडांना घालावे.

बाटली फ्रीझरमध्ये ठेवल्यास डायॉक्सिन नावाचे विषारी रसायन सुटते, या दाव्यात तथ्य नाही. डायॉक्सिन ज्वलनासारख्या अतिउष्ण प्रक्रियेत तयार होतात, आणि थंडीत प्लास्टिकमधून पदार्थ उतरण्याचा वेग उलट मंदावतो. फ्रीझरमधला खरा धोका बाटली तडकण्याचा आहे. पाण्याचा बर्फ होताना आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते, म्हणून मानेखाली चार बोटे जागा सोडून बाटली भरावी.

उष्टी बाटली

आपल्याकडे तांब्याने किंवा भांड्याने वरून पाणी पिण्याची रीत होती, आणि उष्टे पाणी दुसऱ्याला देत नसत. बाटली आली तशी ती रीत मागे पडली. तोंड लावून पिताना लाळेतले जंतू आणि अन्नाचे कण पाण्यात जातात, बाटलीच्या आतल्या भिंतीवर त्यांचा बुळबुळीत थर धरतो, आणि अरुंद मानेमुळे तिथे हात पोहोचत नाही. बाटलीत बोट घालून पाहिल्यावर भिंत निसरडी लागली तर तो थर आलेला आहे असे समजावे; नुसते विसळून तो निघत नाही.

इथे एक गोष्ट फारशी कोणी लक्षात घेत नाही. नळाच्या पाण्यात थोडा क्लोरीन शिल्लक असतो. भारतीय मानकानुसार लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरायला हवा, आणि तो पुढच्या काही तासांत जंतूंना आवर घालतो. घरच्या शुद्धीकरण यंत्रातून आलेल्या पाण्यात हा क्लोरीन बहुधा उरत नाही. म्हणून यंत्राचे ‘शुद्ध’ पाणी अस्वच्छ बाटलीत भरून दिवसभर ठेवले, तर ते नळाच्या पाण्यापेक्षा लवकर बिघडू शकते. यंत्रासाठी हजारो रुपये खर्च करणाऱ्या घरात बाटली धुण्याचा ब्रश नसावा, याचे मला मनापासून वाईट वाटते.

धुण्याची रीत

तोंड लावून वापरलेली बाटली रोज धुवावी. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब आणि लांब दांड्याचा मऊ ब्रश एवढे पुरते. ब्रश नसेल तर मूठभर तांदूळ आणि थोडे साबणाचे पाणी घालून बाटली जोरात हलवावी. वाळू, राख किंवा तारेची घासणी वापरू नये, कारण त्यांनी पडलेल्या बारीक ओरखड्यांत जंतूंना कायमचे घर मिळते. झाकण वेगळे करून त्याचे आटे घासावेत. शाळेच्या बाटलीत झाकणाची रबरी कडी आणि आतली नळी काढून पाहावी. काळी बुरशी नेमकी तिथेच साठते, आणि बाहेरून बाटली चकचकीत दिसते म्हणून महिनोन्‌महिने ती कोणाच्या नजरेला पडत नाही. धुतल्यावर बाटली उलटी ठेवून पूर्ण वाळू द्यावी, आणि ओली असताना झाकण लावू नये. सकाळच्या घाईत वाळायला वेळ नसतो, म्हणून मुलासाठी दोन बाटल्या आलटूनपालटून वापरणे हा सगळ्यांत सोपा उपाय आहे.

वास जात नसेल तर चमचाभर खाण्याचा सोडा पाण्यात घालून बाटली रात्रभर भरून ठेवावी. आठवड्यातून एकदा, किंवा घरात जुलाब-उलट्यांचा आजार होऊन गेल्यावर, निर्जंतुकीकरणही करावे. त्यासाठी एक लिटर पाण्यात एक छोटा चमचा, म्हणजे ५ मिलिलिटर, सुगंध नसलेले सुमारे ५ टक्क्यांचे सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण, म्हणजे घरगुती ब्लीच, मिसळावे, ते बाटलीत घालून सगळ्या बाजूंना लागेल असे अर्धा मिनिट हलवावे, आणखी अर्धा मिनिट थांबून ओतून द्यावे, मग पिण्याच्या पाण्याने विसळावे. या द्रावणात व्हिनेगर, लिंबू किंवा शौचालयाचे ॲसिड कधीही मिसळू नये. विषारी वायू निर्माण होतो.

दूध, ताक, सरबत भरलेली बाटली त्याच दिवशी धुतली नाही तर ती पुन्हा पाण्यासाठी घेऊ नये.

बाटलीत पूर्वी काय होते

या विषयातला सर्वांत गंभीर धोका कर्करोगाच्या संदेशांत कधी येत नाही. दारावर येणाऱ्या विक्रेत्याकडून सुटे फिनेल पाण्याच्या जुन्या बाटलीत घेतले जाते. दुचाकीचे पेट्रोल, फरशीचे ॲसिड, रॉकेल, थिनर हेही तसेच साठवले जाते. आपल्या ऊसपट्ट्यात मोठ्या डब्यातले तणनाशक शेतावर न्यायला सोपे जावे म्हणून पाण्याच्या बाटलीत ओतले जाते, आणि बांधावर तशाच दिसणाऱ्या दोन बाटल्या शेजारी शेजारी उभ्या राहतात. दुपारच्या उन्हात तहानलेल्या माणसाचा हात कोणत्या बाटलीकडे जाईल हे सांगता येत नाही, आणि लहान मूल तर वासही न घेता तोंडाला लावते. पॅराक्वाटसारख्या तणनाशकावर उतारा नाही. एक-दोन घोटही जिवावर बेततात. ‘मी नंतर नीट धुतली’ हे समाधान करून घेऊ नये, कारण अशी रसायने प्लास्टिकमध्ये मुरतात आणि धुऊन पूर्ण निघत नाहीत. शेतीचे औषध त्याच्या मूळ डब्यातच, मूळ लेबलसह ठेवावे, आणि ज्या बाटलीत असे काही एकदा भरले ती भोक पाडून निकामी करावी.

चुकून कोणी प्यालेच, तर मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोटे घालून उलटी काढू नये. रॉकेल-पेट्रोल उलटीबरोबर फुप्फुसात जाते आणि ॲसिड घसा दुसऱ्यांदा भाजते. रुग्णाला थेट सीपीआरमध्ये, म्हणजे कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालयात, किंवा जवळच्या रुग्णालयात न्यावे, आणि ती बाटली व मूळ डबा बरोबर न्यावा. काय पोटात गेले हे कळले की डॉक्टरांचा मोलाचा वेळ वाचतो.

पुराच्या दिवसांत

२०१९ आणि २०२१ च्या पुरांत कोल्हापूरकरांनी एक विचित्र अवस्था अनुभवली: पंचगंगेचे पाणी दारात आणि नळ कोरडा. महामार्ग बंद पडल्यामुळे बाहेरून येणारे बाटलीबंद पाणीही अडले. म्हणून जून संपण्याआधी दहा-बारा चांगल्या बाटल्या वरच्या रीतीने निर्जंतुक करून, वाळवून, झाकणे लावून माळ्यावर ठेवाव्यात, आणि पाण्याची पातळी वाढू लागताच भरून घ्याव्यात. पाणी उकळून भरायचे असेल तर खळखळून उकळी आणावी, भांडे झाकून पूर्ण थंड होऊ द्यावे आणि मगच बाटलीत ओतावे.

पेटच्या पारदर्शक बाटलीचा एक मान्यताप्राप्त उपयोग आपल्याकडे फारसा माहीत नाही. दोन लिटरपर्यंतची, रंग नसलेली, लेबल काढलेली बाटली पाण्याने भरून कडक उन्हात सहा तास आडवी ठेवली, तर सूर्याच्या अतिनील किरणांनी आणि उष्णतेने बहुतेक रोगजंतू मरतात. जागतिक आरोग्य संघटना ही पद्धत स्वीकारते. पाणी गढूळ नसावे. भरलेली बाटली वर्तमानपत्राच्या मथळ्यावर उभी ठेवून वरून पाहिल्यावर अक्षरे वाचता आली पाहिजेत. आकाश निम्म्याहून जास्त झाकोळले असेल तर बाटली सलग दोन दिवस ठेवावी लागते आणि संततधारेत ही पद्धत चालत नाही, त्यामुळे ऐन पुरात तिचा भरवसा धरू नये. शिवाय तिने रसायने निघत नाहीत. पुराच्या पाण्यात शेतातली औषधे, गटारे आणि कारखान्यांचे सांडपाणी मिसळलेले असते, म्हणून ते पाणी उकळूनही पिण्यासाठी घेऊ नये. पूर ओसरल्यावर, ऊन पडल्यावर, विहिरीच्या स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यासाठी मात्र ही पद्धत उपयोगी पडते.

बाटली केव्हा टाकावी

किती दिवसांनी, याला आकडा नाही, बाटलीच सांगते. मानेजवळ पांढऱ्या रेघा उमटणे, तळाला चीर जाणे, प्लास्टिक धूसर होणे, आतून हिरवट झाक दिसणे, धुऊनही वास राहणे, झाकण घट्ट न बसणे, यांतले एक लक्षण दिसले तरी पुरे. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांना २०२४ मध्ये बाटलीबंद पाण्याच्या एका लिटरमध्ये सरासरी २ लाख ४० हजार सूक्ष्म प्लास्टिक कण आढळले, आणि ते पाणी नव्या बाटल्यांतले होते. झाकण उघडण्या-मिटण्याने आणि बाटली दाबण्याने असे कण सुटतात. त्यामुळे बाटली पिळून पिण्याची सवय सोडावी, आणि रोजच्या वापरासाठी शक्य तेव्हा स्टीलची बाटली घ्यावी. तांब्याची बाटली साध्या पाण्यापुरतीच ठेवावी. लिंबू-सरबत किंवा ताक त्यात घालू नये.

टाकताना बाटली पिळून चपटी करावी आणि सुक्या कचऱ्यात द्यावी. वापरानंतर बाटली चेपण्याची सूचना तिच्या लेबलवर छापलेली असते आणि आपण ती वाचून सोडून देतो. अखंड बाटली कचऱ्यातून उचलून, कुठलेही पाणी भरून, नवे झाकण लावून बसस्थानकावर किंवा यात्रेत पुन्हा विकता येते. चेपलेली विकता येत नाही. विकत घेतानाही झाकणाची कडी अखंड आहे ना आणि ती उघडताना कट्‌कन तुटते ना, हे तपासावे, आणि तुटली नाही तर बाटली तिथेच परत करावी.