धोक्याचा निर्णय घ्यायच्या आधी आकडा उलटा करून कसा बघायचा

डॉक्टर म्हणाले "या ऑपरेशननंतर १०० पैकी ९० जण वाचतात" की आपण मान डोलावतो, आणि तेच "१०० पैकी १० दगावतात" असं कानावर पडलं की पोटात गोळा येतो, खरं तर दोन्ही वाक्यांत माहिती एकच आहे.

टव्हर्स्की आणि कानमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये लोकांना प्रश्न विचारून हे दाखवून दिलं. कल्पना अशी की एका साथीत ६०० जण दगावणार आहेत, उपाय दोन. एकात "२०० नक्की वाचतील", दुसऱ्यात सगळे वाचायची शक्यता तीनात एक, नाहीतर कोणीच नाही. ७२% लोकांनी खात्रीचा उपाय घेतला. दुसऱ्या गटाला तेच "४०० मरतील" अशा शब्दांत विचारलं तर ७८% लोक दुसऱ्या, म्हणजे जुगाराच्या उपायाकडे वळले! म्हणजे वाचण्याची भाषा असली की आपण सावध होतो, आणि गमावण्याची असली की नक्की नुकसान टाळायला वाट्टेल तो धोका पत्करतो.

मग करायचं काय?

पायरी १: मिळालेलं वाक्य लिहून काढा आणि खाली त्याचंच उलटं वाक्य लिहा, वाचणारे असतील तर दगावणारे, फायदा असेल तर तोटा. दोन्ही वाचून मन बदलतंय का बघा. बदलत असेल तर त्या दिवशी सही करू नका, सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच आहे.

पायरी २: टक्के सोडा, माणसं मोजा. १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये काही गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताच्या गुठळ्यांचा धोका दुप्पट होतो अशी बातमी पसरली, घाबरून कितीतरी बायकांनी गोळ्या बंद केल्या, नको असलेली गर्भारपणं आणि गर्भपात वाढले. ते "दुप्पट" होतं ७००० मागे एकावरून दोन! हे आधी सांगितलं असतं तर एवढा घोळ झाला नसता, याचं मला फार वाईट वाटतं. त्यामुळे "धोका निम्मा होतो" असं कोणी म्हणालं की आधी विचारा, कितीवरून किती?

पायरी ३: तुलना कशाशी चाललीय ते बघा, आजच्या परिस्थितीशी की मनात धरलेल्या अपेक्षेशी, कारण तोच आकडा फायदा वाटतो की तोटा हे त्यावरच ठरतं.

पायरी ४: घरच्यांचा सल्ला घेताना त्यांना दोन्ही वाक्यं सांगा, नाहीतर आपल्याला हवं तेच उत्तर आपण नकळत काढून घेतो. आणि डॉक्टर असो वा विमा एजंट, एक प्रश्न विचाराच, "काहीच केलं नाही तर १०० पैकी किती जणांचं काय होतं?"