बियांपासून कागदी डेझी: इंदुरात या चुका टाळा

कागदी डेझी म्हणजे कागदासारख्या पाकळ्यांची, वाळवून ठेवता येणारी फुलं. पाकिटावर या नावाखाली दोन वेगळी झाडं मिळतात, हेलिक्रायसम आणि अ‍ॅक्रोक्लिनियम. दोन्ही मूळच्या ऑस्ट्रेलियातल्या, आपल्याकडे हिवाळी हंगामी. उगवण झाली नाही की बियाण्याला नावं ठेवली जातात. बहुतेक वेळा बी चांगलं असतं, फक्त खोल गाडलेलं असतं.

हेलिक्रायसमचं बी इतकं बारीक, की एका ग्रॅममध्ये हजाराच्या वर भरतं. त्याला उगवायला उजेड लागतो. झेंडूसारखी वर माती लोटली, की ते आतच राहतं. दोन भाग कोकोपीट, एक भाग रेती, एक भाग चाळलेलं गांडूळखत असा ट्रे भरून आधी भिजवा. बी कोरड्या रेतीत मिसळून वर भुरभुरा आणि तळहातानं नुसतं दाबा. झारीच्या धारेनं बी वाहून एका कोपऱ्यात जमतं, म्हणून ट्रे पाण्याच्या परातीत ठेवून खालून भिजू द्या. सात ते चौदा दिवसांत कोंब दिसतात. रोपं मातीलगत बारीक होऊन आडवी पडायला लागली, तर तो कोलमडणं हा बुरशीचा रोग आहे. दाट पेरणी आणि सततची ओल हे त्याचं कारण. ट्रेवर प्लॅस्टिक झाकलं असेल तर काढा, रोपं विरळ करा, पाणी सकाळीच द्या.

अ‍ॅक्रोक्लिनियमच्या बियांवर कापसासारखी लव असते. बी मातीला नीट टेकत नाही, म्हणून दाबून वर रेतीचा पातळ थर द्या. याला उपटून दुसरीकडे लावणं मानवत नाही. थेट वाफ्यात पेरा, मग १५ सेंमीवर एक रोप ठेवा. हेलिक्रायसमला ३० सेंमी लागतात.

पेरणी ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात. नोव्हेंबर सरल्यावर पेरलं, तर फुलं यायला आणि मार्चचं ऊन तापायला एकच गाठ पडते.

खरी अडचण माळव्याच्या काळ्या मातीची. ओली असली की मुळं गुदमरतात, सुकली की भेगा पडून तुटतात. मूठभर रेतीनं काही होत नाही. वाफाच २० सेंमी उंच करा: दोन भाग जाड रेती, एक भाग माती, अर्धा भाग कुजलेलं शेणखत. माती ओली असूनही रोप दुपारी मान टाकत असेल, तर मुळं कुजताहेत. अशा वेळी पाणी घालणं हीच सगळ्यात महाग चूक. बोट दोन इंच खुपसा, कोरडं लागलं तरच पाणी. युरिया तर नकोच: पानं माजतात, देठ लुसलुशीत होऊन लोळतात.

हेलिक्रायसमचा शेंडा रोप १५ सेंमीचं झाल्यावर खुडा, फुटवे येतात. अ‍ॅक्रोक्लिनियमचा खुडू नका.

वाळवायची फुलं उशिरा तोडली जातात. हेलिक्रायसमच्या बाहेरच्या दोन-तीन ओळी उघडल्या, मधला पिवळा गोळा अजून झाकलेला आहे, तेव्हाच तोडा. तोडल्यावरही फूल उमलत राहतं; गोळा दिसल्यावर तोडलेलं वाळताना मागे उलटतं आणि आतून म्हातारीसारखी लव सुटते. दव उतरल्यावर, सकाळी दहाच्या सुमारास कापा, आठ-दहा देठांची जुडी अंधाऱ्या, हवेशीर खोलीत दोन-तीन आठवडे उलटी टांगा. देठाची मान वाळल्यावर कमकुवत होते. तार लावायची असेल तर फूल ताजं असतानाच खालून खुपसा. वाळताना ते तारेला घट्ट धरतं, वाळलेल्यात खुपसली तर फूलच फुटतं.