मॉरिशसला नृत्य शिकवायला जाताना

रत्नागिरी-चिपळूणकडच्या ज्या मुली भरतनाट्यम शिकून आता परदेशात शिकवण्याची संधी शोधत आहेत, त्या माझ्याकडे आल्या की पहिला प्रश्न मानधनाचा विचारतात आणि दुसरा व्हिसाचा. या दोन्हींची उत्तरे करारपत्रात असतात. ते सही करण्यापूर्वी जाणत्या माणसाकडून वाचून घ्यावे, याहून अधिक सांगण्यासारखे माझ्याकडे काही नाही. वर्गात उभे राहिल्यावर जे समोर येते, त्याची तयारी मात्र कोणतीही विशारद परीक्षा करून देत नाही. मॉरिशसमधील एका संस्थेत मी तीन वर्षे शिकवले आणि त्यातले पहिले वर्ष बहुतांशी चुकण्यात गेले.

1834 पासून करारबद्ध मजुरांची जहाजे या बेटावर जाऊ लागली आणि पुढे त्यांतून आपल्या किनाऱ्यावरची माणसेही गेली. त्यांच्या वंशजांनी आपला जाखडी नाच ‘झाकरी’ या नावाने तिथे जपला आहे, गणेशचतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते आणि काही मुले शाळेत मराठी शिकतात. एवढे ऐकून गेलेल्या मला वाटले होते की आपण जवळजवळ घरीच चाललो आहोत. पहिल्या दिवशी वर्गात मराठी, तमिळ, भोजपुरी आणि आफ्रिकी मुळांच्या मुली होत्या, एक चिनी वंशाचीही होती, आणि त्या सगळ्या एकमेकींशी क्रिओल या तिथल्या रोजच्या बोलीत बोलत होत्या. मराठी आडनावाच्या मुलीशी मी मराठीत बोलले, तेव्हा ती संकोचून हसली.

अभिनयाच्या तासाला खरी परीक्षा झाली. तमिळ पदम, म्हणजे अभिनयासाठीचे भावगीत, निवडल्यावर निदान तमिळ घरांतल्या मुलींना ते जवळचे वाटेल असा माझा समज होता, पण त्यांना घरात दोन पिढ्या कोणी तमिळ बोललेले आठवत नव्हते. एकीने विचारले, की नायिकेला इतका राग आला आहे तर ती सखीला का पाठवते, स्वतः का जात नाही? मला उत्तर देता आले नाही, कारण ते पदम मला पाठ होते, येत नव्हते. पुण्यात आठ वर्षे जे हातांनी अचूक केले, त्यातल्या प्रत्येक शब्दाचा अर्थ मी त्या आठवड्यात पहिल्यांदा लिहून काढला. म्हणून जाण्यापूर्वी आपल्या प्रत्येक रचनेचा शब्दशः अर्थ वहीत उतरवावा आणि तो नृत्याशी संबंध नसलेल्या माणसाला समजावून पाहावा. तालासाठी हे कष्ट पडत नाहीत. ‘तै या तै’ या तालाच्या बोलांना कोणी अर्थ विचारत नाही आणि चुका सुधारताना ‘दूसमाँ’, म्हणजे ‘हळू’, एवढा एक क्रिओल शब्द माझ्या फार कामी आला.

पायांच्या बाबतीत मात्र माझ्या हातून अन्याय झाला. एका क्रिओल, म्हणजे आफ्रिकी मुळांच्या, घरातली मुलगी अरमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धे बसण्याच्या स्थितीत, उत्तम बसे, पण तट्ट अडवू या पाऊल आपटण्याच्या पहिल्या धड्यात तिचे पाऊल वर उचललेच जाईना, आणि मी तो आळस समजून तिला महिनाभर मागच्या रांगेत ठेवले. पुढे समुद्रकाठी तिच्या घरच्या मंडळींचा सेगा हा तिथला लोकनाच पाहिला. या नाचात गुडघे वाकलेले असतात, परंतु पावले जमिनीला घासत सरकतात. उचलून आपटणे त्यात बसतच नाही. तिच्या पायांना आधीच एक व्याकरण येत होते. सेगाची साथ करणारे राव्हान हे बकऱ्याच्या चामड्याचे वाद्य विस्तवावर शेकून ताणतात आणि त्यावरची सहा मात्रांची लय आपल्या ‘तकिट तकिट’ला नेमकी बसते. तिश्र, म्हणजे तीन-तीन मात्रांची, गती मी नंतर त्या वाद्यावरच शिकवली आणि चार-चार मात्रांच्या चतुश्रापेक्षा ती लवकर बसली.

वार्षिक कार्यक्रमात राव्हानवर एक समूहनृत्य बसवले, तेव्हा काही पालक नाराज झाले. त्यांना ‘मूळ’ भरतनाट्यम हवे होते. परदेशी राहणाऱ्याला मूळ रूपाची ओढ अधिक असते आणि ती समजून घ्यावी, पण हे मूळ कधीचे, हे आपल्याला सांगता आले पाहिजे. भरतनाट्यमच्या कार्यक्रमाचा आरंभीच्या अलारिप्पूपासून शेवटच्या तिल्लान्यापर्यंतचा क्रम एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तंजावरच्या चार भावांनी घडवला. तंजावरचे सरफोजी राजे (कारकीर्द 1798 ते 1832) मराठी होते आणि त्यांच्या नावावर नृत्यासाठीच्या मराठी रचना आहेत. आजचा सभागृहातला थाट बराचसा नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या काळातला आहे. त्यांची कलाक्षेत्र ही नृत्यसंस्था 1936 ची. ज्या देवदासींनी हे नृत्य जपले, त्यांची प्रथा 1947 च्या मद्रासच्या कायद्याने बंद झाली आणि नृत्य तोवर दुसऱ्या घरांत गेले होते. हे मी पालकांना शांतपणे सांगितले. काहींना पटले, दोघांनी मुली काढून घेतल्या. वर्णम या कार्यक्रमातल्या सर्वांत मोठ्या रचनेच्या मध्ये राव्हान घुसवावे असे मात्र मला आजही वाटत नाही. वर्णमची बांधणी ते सोसत नाही, आणि नावीन्यासाठी केलेली अशी जोडकामे मी बरीच पाहिली आहेत.

बाकीचे थोडक्यात. नट्टुवांगम, म्हणजे झांजा वाजवत बोल म्हणून नृत्य चालवणे, आणि कामापुरते गाणे येत नसेल तर जाऊ नये, कारण ध्वनिमुद्रित संगीतावर मुलींकडे पाहून लय कमी-जास्त करता येत नाही आणि साथीदार दर वेळी मिळतातच असे नाही. जमीन पाहून घ्यावी. काँक्रीटवरच्या फरशीवर वर्षभर आपटलेल्या टाचा पुढे रोज आठवण देतात, आणि आजोळच्या सारवलेल्या खळ्याची किंमत मला तिथे कळली. जानेवारी ते मार्च वादळांचे दिवस असतात, म्हणून त्या सुमारास कार्यक्रम ठेवू नयेत. घुंगरांच्या चामड्याला आपल्या श्रावणासारखी बुरशी धरते, तेव्हा कडुलिंबाचा पाला सोबत नेण्यापेक्षा दर आठवड्याला ऊन दाखवावे. तट्टुकळी, म्हणजे ताल देण्याची लाकडी काठी, विमानात हातातल्या सामानात मुळीच ठेवू नये. माझी विमानतळावर काढून घेतली गेली, आणि पहिले दोन महिने मी भाड्याच्या घरातले लाटणे पाटावर आपटून ताल दिला.